व्हेनिस : गुडघेदुखी, नमाज आणि चारशे पूल

व्हेनिसला जायचे ठरले तेव्हा अम्मींनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकच प्रश्न विचारला, "चालायला किती लागेल?" माझ्या मुलाने उत्साहाने उत्तर दिले, "दादी, तिथं चालायचं नसतंच. सगळीकडे होडीनं जायचं."

हे उत्तर अर्धेच खरे निघाले. व्हेनिसमध्ये गाडी नाही, रिक्षा नाही, सायकललाही बंदी आहे. उथळ खाडीतल्या शे-सव्वाशे लहान लहान बेटांवर हे शहर बसले आहे आणि ती बेटे चारशेहून अधिक पुलांनी एकमेकांना जोडलेली आहेत. होडी मोठ्या कालव्यातून आणि बाहेरच्या कडेने जाते. धक्क्यावर उतरल्यावर मात्र मुक्कामाच्या दारापर्यंत पायीच जायचे, आणि वाटेत पूल येणारच. प्रत्येक पुलाला चढायला पायऱ्या आणि उतरायलाही पायऱ्या. अम्मींचे वय एकाहत्तर आणि दोन्ही गुडघे कुरकुरणारे. घरात म्हातारे माणूस आहे म्हणून असा प्रवास रद्द करणाऱ्या कुटुंबांसाठी हा अनुभव लिहीत आहे. जाता येते, पण आमच्यासारखी पहिल्या दिवशीची चूक करू नका.

मुंबईहून व्हेनिसला थेट विमान नाही. दुबई, दोहा किंवा इस्तंबूलला विमान बदलावे लागते. आमचे दीर दुबईत असल्याने आम्ही तिकडूनच गेलो. इटलीत आधीच कुठे असाल तर आगगाडी उत्तम. मिलानहून अडीच तास, रोमहून चारेक तास. व्हिसा शेंगेन लागतो. मोठ्यांचे शुल्क ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना निम्मे. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा हवाच. अर्ज सहा महिने आधी करता येतो, आणि दिवाळीच्या सुट्टीसाठी जाणाऱ्यांनी गणपतीपर्यंत थांबू नये.

विमानतळाचे नाव मार्को पोलो. तो बेटांवर नसून किनाऱ्यावर आहे. तिथून शहरात जायचे तीन मार्ग आहेत. बस वीस-पंचवीस मिनिटांत पियाझाले रोमा या चौकात सोडते. साऱ्या मोटारींचा रस्ता तिथेच संपतो. दुसरा मार्ग सार्वजनिक बोटीचा. सान मार्कोपर्यंत तासाभराहून जास्त वेळ लागतो, पण लहान मुले खूश होतात. तिसरी पाण्यावरची टॅक्सी. तिचे भाडे शंभर युरोच्या वर जाते. पाच-सहा माणसे, भरपूर सामान आणि सोबत आजारी माणूस असेल तरच तिचा विचार करावा. आम्ही बसने गेलो.

आता चूक सांगते. आम्ही घेतलेल्या खोलीच्या जाहिरातीत "स्टेशनपासून पाच मिनिटे" असे लिहिले होते. त्या पाच मिनिटांत तीन पूल होते, हे कुठेच लिहिलेले नव्हते. चाकांच्या बॅगा पायऱ्यांवरून उचलून न्याव्या लागतात. माझे पती दोन बॅगा वर ठेवायचे, खाली यायचे, उरलेल्या दोन घेऊन जायचे आणि मग अम्मींना हात द्यायचे. त्यात पत्ता सापडेना. इथे पत्त्यात गल्लीचे नाव नसते, विभागाचे नाव आणि चार आकडी क्रमांक असतो. शहराचे सहा विभाग आहेत आणि क्रमांक विभागभर फिरत जातात. शेजारच्या घराचा आकडा पाहून पुढचे घर सापडेल असे मानू नका. फोनवरचा नकाशाही अरुंद गल्लीत गडबडतो. आम्हाला त्याने दोनदा सरळ पाण्याच्या कडेला नेऊन उभे केले. तिसऱ्या पुलानंतर अम्मी एका चौकातल्या दगडी विहिरीच्या कट्ट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही शोधा. मी इथून हलणार नाही."

म्हणून पहिली सूचना: खोली ठरवताना मालकाला लेखी विचारा की जवळच्या बोटीच्या धक्क्यापासून दारापर्यंत किती पूल लागतात आणि आत जिना आहे की लिफ्ट. "अंतर किती" हा प्रश्न इथे निरुपयोगी आहे. एकही पूल न ओलांडता धक्क्यापासून पोहोचता येईल अशी खोली थोडी महाग पडली तरी घ्यावी. किंवा किनाऱ्यावरच्या मेस्त्रे गावात राहावे. तिथून आगगाडी दहा-बारा मिनिटांत पाण्यावरून थेट बेटावरच्या सांता लुचिया स्टेशनात येते आणि स्टेशनाबाहेर पडताच समोर मोठा कालवा. हा आगगाडीचा पूल १८४६चा, शेजारचा मोटारींचा १९३३चा. त्याआधी व्हेनिसला यायचे म्हणजे बोटीनेच.

मी खोली शोधून परत आले तेव्हा अम्मी त्या विहिरीचे निरीक्षण करत होत्या. त्यांचे बालपण खाडीकाठच्या गावात गेलेले. गावाला वेढा खाऱ्या पाण्याचा आणि हंडाभर गोड्या पाण्यासाठी वणवण, हे त्यांनी पाहिले आहे. त्यांचा पहिला प्रश्न होता, "चारी बाजूंना खारं पाणी. मग ही माणसं पीत काय होती?" उत्तर त्यांच्या खालीच होते. अशा चौकाखाली मातीने लिंपलेला मोठा खड्डा असे, त्यात वाळू भरलेली. पावसाचे पाणी फरशीतल्या भोकांतून वाळूत झिरपायचे, गाळले जायचे आणि मधल्या विहिरीत जमा व्हायचे. १८८४मध्ये किनाऱ्यावरून नळ आला तोवर शहर मुख्यतः याच पाण्यावर जगले. आता चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत. बाटली सोबत ठेवा, विकत पाणी घेऊ नका. तीच बाटली वुजूलाही कामी येते.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही शहाणे झालो. इथल्या सार्वजनिक बोटीला वापोरेत्तो म्हणतात. आपल्याकडच्या लाँचसारखीच ती असते, फक्त वेळेवर येते. एका फेरीचे तिकीट ७५ मिनिटे चालते आणि साडेनऊ युरोला पडते, म्हणजे चौघांचे कुटुंब दोनदा चढले की खिसा रिकामा. त्यापेक्षा पास घ्यावा. आम्ही गेलो तेव्हा २४ तासांचा २५ युरो, ४८ तासांचा ३५ आणि ७२ तासांचा ४५ होता. सहा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. पासाची वेळ पहिल्यांदा यंत्राला लावल्यापासून सुरू होते, त्यामुळे तो संध्याकाळी सुरू केला तर शेवटच्या दिवशीची संध्याकाळही मिळते. दर वेळी चढण्याआधी यंत्राला लावायला मात्र विसरू नका; दंड मोठा आहे. मोठ्या थांब्यांवर दोन-तीन तराफे असतात आणि एकाच क्रमांकाची बोट दोन्ही दिशांना जाते. चढण्यापूर्वी फलक वाचावा, नाहीतर विचारावे.

म्हाताऱ्या माणसांसाठी एक क्रमांकाची बोट म्हणजे नेमत आहे. ती मोठ्या कालव्यात जवळजवळ प्रत्येक थांबा घेत पाऊण तासात सान मार्कोला पोहोचते. शहराचे निम्मे वैभव बसल्या जागी दिसते. या मोठ्या कालव्यावर पूल फक्त चार आहेत. त्यातला रिआल्तोचा दगडी पूल १५९१मध्ये पुरा झाला, शेवटचा २००८चा. मध्येच पलीकडे जायचे असेल तर काही ठिकाणी दोन युरोत गोंडोलाची 'तर' चालते. स्थानिक लोक तिच्यात उभ्याने जातात. अम्मींना ती फार आवडली. तर म्हणजे त्यांच्या माहेरचीच गोष्ट. पर्यटकांच्या गोंडोलाचा सरकारी दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो आणि संध्याकाळी सातनंतर ११० युरो, माणसे जास्तीत जास्त पाच. हा दर होडीचा आहे, माणशी नाही. आम्ही बसलो नाही. दोन युरोच्या तरीतच मुलांची हौस फिटली.

पायी फिरताना फोनपेक्षा भिंतीवरच्या पिवळ्या पाट्या भरवशाच्या. "पेर रिआल्तो", "पेर सान मार्को" म्हणजे त्या दिशेने. दोन-चार शब्द कळले की पुष्कळ भागते: काल्ले म्हणजे गल्ली, काम्पो म्हणजे चौक, रिओ म्हणजे लहान कालवा, आणि फोंदामेन्ता म्हणजे कालव्याकाठचा रस्ता. गुडघे दुखत असतील तर लांब फोंदामेन्ता असलेला भाग निवडावा, तिथे बरेच अंतर सपाट मिळते.

काही ठरावीक दिवशी, मुख्यतः एप्रिल ते जुलैमधल्या शुक्रवार ते रविवार आणि सुट्ट्यांना, केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून शहर प्रवेशशुल्क घेते. २०२४मध्ये ते ५ युरोने सुरू झाले. २०२५मध्ये आधी नोंदणी केली तर ५ आणि ऐनवेळी १० युरो. चौदा वर्षांखालच्या मुलांना माफ. शहरात मुक्काम करणाऱ्यांना ते द्यावे लागत नाही, पण सवलतीची नोंदणी मात्र करावी लागते. लोक नाराज होतात, पण मला त्यात गैर वाटले नाही. १९५१मध्ये बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास माणसे राहत होती, आज पन्नास हजारही नाहीत. घरे पाहुण्यांना भाड्याने देणे परवडते, तिथे राहणे परवडत नाही. आमची खोलीही त्यातलीच एक होती, हे सांगायलाच हवे.

आम्ही ऑक्टोबरच्या शेवटी गेलो. गर्दी कमी, हवा थंड, पण भरतीचे दिवस. एका सकाळी सान मार्कोच्या चौकात घोट्याएवढे पाणी होते आणि लोक फळ्यांच्या उंच पायवाटेवरून चालत होते. १९६६च्या नोव्हेंबरमध्ये भरती १९४ सेंटिमीटरपर्यंत चढली होती, २०१९मध्ये १८७पर्यंत. आता खाडीच्या तोंडांशी ७८ पोलादी झडपा बसवल्या आहेत. मोठी भरती आली की त्या समुद्रतळातून वर उठतात आणि समुद्र अडवतात. ऑक्टोबर २०२०मध्ये त्या पहिल्यांदा भरतीविरुद्ध वापरल्या गेल्या. या योजनेचे नाव 'मोझे', आणि इटालियन भाषेत हजरत मूसा अलैहिस्सलाम यांनाही मोझेच म्हणतात. हे कळल्यावर मुलांना वेगळे काही समजावून सांगावे लागले नाही.

आता नमाजेबद्दल. जुन्या शहरात आज एकही मशीद नाही. किबला आग्नेयेला येतो. ऑक्टोबर संपताना घड्याळे मागे जातात आणि मगरिब पाचच्या सुमारास होते. जूनमध्ये ती नऊला आणि इशा अकराच्या पुढे. आम्ही शाफई, आणि मुक्काम तीनच दिवसांचा, त्यामुळे कसर आणि जोहर-असर जमा करून पढण्याची सवलत होती. ती नसती तर दिवस फार तुटक गेला असता. ज्यांचा मसलक वेगळा आहे त्यांनी निघण्यापूर्वी आपल्या इमामसाहेबांना विचारून घ्यावे. आम्ही दुपारी खोलीवर येत असू. एकदा उशीर झाला तेव्हा उत्तरेकडच्या शांत धक्क्यावर बाकाजवळ जानमाज अंथरली. अम्मींनी बाकावर बसूनच पढली. लोक आले-गेले, कोणी काही बोलले नाही.

पण मशीद नाही म्हणजे कधी नव्हतीच, असे नाही. एक क्रमांकाच्या बोटीतून स्टेशनाकडून निघाल्यावर थोड्याच वेळात उजव्या हाताला कमानींची लांबलचक पांढरी इमारत दिसते. तिचे नाव फोंदाको देई तुर्की, तुर्कांची वखार. १६२१पासून १८३८पर्यंत ऑटोमन व्यापाऱ्यांचा मुक्काम आणि मालाचे गोदाम इथे होते. आत नमाजेची जागा होती, हमामही होता. बाहेरून पहारा, रात्री दारे बंद, आणि आतल्या लोकांची शहराशी सलगी होऊ नये म्हणून कडक नियम. म्हणजे पाहुणचार आणि संशय एकाच छपराखाली. ज्यांच्याशी शहर वारंवार लढत होते, १५७१मध्ये लेपांतोची मोठी आरमारी लढाई ज्यांच्याशी झाली, त्यांच्याशीच व्यापारही चालू होता, आणि व्यापार हवा तर माणसाला सजदा करायला जागा द्यावी लागते, एवढे त्यांना कळत होते. आज तिथे निसर्गविज्ञानाचे संग्रहालय आहे. मुलांना डायनासोरचा सांगाडा आवडला. मी नमाजेची जागा कोणत्या बाजूला असेल याचा अंदाज करत फिरले.

२०१५मधली गोष्ट याहून जवळची. कलामहोत्सवात आइसलँडच्या वतीने क्रिस्तोफ ब्युखेल या कलावंताने कान्नारेज्यो विभागातले, चाळीसहून अधिक वर्षे बंद असलेले एक चर्च आतून मशिदीसारखे सजवले. परिसरातले मुसलमान तिथे येऊन नमाज पढू लागले. दोन आठवड्यांत पालिकेने सुरक्षा आणि परवानगीची कारणे देऊन ते बंद केले. चर्चची जागा वापरल्याने तिथल्या ख्रिस्ती लोकांना वाईट वाटले असेल तर ते मी समजू शकते. आपल्या बंद पडलेल्या मशिदीबाबत आपल्यालाही वाटले असते. पण मग दुसरी कुठली जागा, हा प्रश्न तिथेच राहिला.

नमाजी आहेत ते मेस्त्रेत. स्टेशनाजवळच्या रस्त्यांवर बांगलादेशी भावांची दुकाने ओळीने आहेत, हलाल मांस आणि बासमती मिळतो, आणि जमातीच्या जागा मेस्त्रे-मार्घेरा भागात आहेत. एका दुकानदाराने आमचे बोलणे ऐकून हिंदीत विचारले, "माँजी, इंडिया से?" आणि अम्मींना स्टूल दिले. जुम्म्याला जागा पुरत नाही, मशिदीची परवानगी मिळत नाही, हे त्याने चहा देता देता सांगितले. इटलीच्या सरकारने इतर काही धर्मांशी जसे करार केले आहेत तसा इस्लामबरोबर अजून केलेला नाही, आणि त्याची अडचण अशी गल्लीपातळीवर जाणवते. बेटावरच्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत आणि खोल्यांच्या साफसफाईत यातलीच पुष्कळ माणसे राबतात. जुम्मा येत असेल तर त्यांनाच जागा आणि वेळ विचारा, आनंदाने सांगतात.

खाण्याचे सांगायचे तर, मासे खाणाऱ्याला इथे उपासमार नाही. तरी "मासे आहेत म्हणजे हलाल" असे समजू नका. रिसोत्तो बहुधा पांढरी दारू घालून शिजवतात, माकुळाच्या काळ्या शाईतल्या पास्त्यातही ती असते. तिरामिसूत बऱ्याचदा मद्य असते, आइस्क्रीममध्ये 'मालागा' नावाच्या चवीत रम. काही पावांत 'स्त्रुत्तो' म्हणजे डुकराची चरबी पडते. "सेन्झा व्हीनो, सेन्झा माइआले" एवढे पाठ करून ठेवा: दारू नको, डुकराचे नको. मार्गेरिता पिझ्झा, भाजलेले मासे आणि आमच्या डब्यातला चिवडा यांवर आमचे भागले.

डुकराचा उल्लेख आलाच आहे तर एक गंमत. सान मार्को चर्चच्या दर्शनी भिंतीवर एक कथा चित्रित आहे. ८२८मध्ये व्हेनिसच्या व्यापाऱ्यांनी अलेक्झांड्रियाहून संत मार्कचे अवशेष चोरून आणले, आणि मुसलमान अधिकाऱ्यांनी पेटी तपासू नये म्हणून त्यावर डुकराचे मांस पसरले. आतल्या एका मोझेकमध्ये ते अधिकारी "कान्झीर!" म्हणून मागे सरतात असे लिहिलेले आहे. तो आपलाच शब्द, खिंझीर. भाषेत असे शब्द पुष्कळ. फोंदाको हा अरबी फुंदुक. जहाजे बांधण्याचे ठिकाण आर्सेनाले म्हणजे दारुस्सिनाअ. जकात घेणारे दोगाना म्हणजे दीवान. आणि टांकसाळ झेक्का म्हणजे सिक्का.

त्या टांकसाळीतले नाणे आम्ही कोर्रेर संग्रहालयात पाहिले. दुकात, १२८४पासून पाडले गेलेले, साडेतीन ग्रॅमच्या आसपास, जवळजवळ शुद्ध सोने. एका बाजूला उभा संत आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला राज्यप्रमुख, दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या कोंदणात एक आकृती. मी पाटी वाचत होते. मागून अम्मी म्हणाल्या, "अगं, ही तर पुतळी!"

बरोबरच होते. मसाल्याच्या बदल्यात ही नाणी शतकानुशतके अरबी समुद्र ओलांडून आपल्या किनाऱ्यावर आली. नाण्यावरच्या बाहुल्यांसारख्या आकृत्यांमुळे मराठीत त्यांना पुतळी म्हटले गेले, आणि पुढे सोनार तशाच चकत्या पाडू लागले. पुतळ्यांची माळ ती हीच. अम्मींच्या आईची अशी माळ होती. ती तीन मुलींच्या लग्नात वाटली गेली. अम्मींच्या वाट्याच्या सात पुतळ्या दिरांच्या दुबईच्या व्हिसासाठी मोडल्या, हे मला त्या दिवशी, त्या काचेसमोर पहिल्यांदा कळले. मुलगा विचारत होता, "दादी, या नाण्यावर काय लिहिलंय?" त्यांनी सांगितले, "मला कुठं वाचता येतंय? पण वजन आठवतंय."

शेवटच्या दिवशी पासाचे चार तास शिल्लक होते. मुले मुरानोला जाऊन काच फुंकताना बघू म्हणत होती. १२९१मध्ये आगीच्या भीतीने साऱ्या भट्ट्या त्या बेटावर हलवल्या गेल्या, आणि १५६९मध्ये इस्तंबूलच्या वजिरासाठी मशिदीच्या नऊशे दिव्यांची मागणीही व्हेनिसच्या कारागिरांकडे आली होती. तिथे जायला उत्तरेच्या धक्क्यापर्यंत दोन पूल लागत होते. मी अम्मींकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "तुम्ही जा. मला त्या एक नंबरच्या बोटीत बसवा. ती जिथून निघते तिथंच परत आणते ना?"

माझे पती त्यांच्यासोबत थांबले. आम्ही संध्याकाळी परत आलो तेव्हा दोघे तिसऱ्यांदा मोठा कालवा पालथा घालून पियाझाले रोमाच्या धक्क्यावर उतरत होते. अम्मींना सगळ्या थांब्यांची नावे क्रमाने पाठ झाली होती.